मातीला कोण कोण आलं

मृत्युंजय शेटेचं नाव आता मोठं झालं आहे. दक्षिणेकडच्या कुठल्याशा विद्यापीठात तो प्राध्यापक आहे. राजकारणातल्या माणसांची एकमेकांत विणलेली जाळी संगणकावर कशी मांडायची, हा त्याचा विषय. परदेशातले लोक त्याला बोलावून घेतात म्हणे. गेवराईतली तरुण पोरं मला विचारतात, "सर, तुमी त्यांच्यासंगं एका खोलीत राहत व्हता ना? कसे व्हते?" मी सांगतो, संशयी. पोरांना वाटतं, मी जळतो. जळत असेनही, मी काही संत नाही. पण खरं सांगायचं तर आधी संशय मला आला होता. तो स्वतः तेव्हा फार सरळ माणूस होता.

नव्वदीच्या मधली ती वर्षं. गेवराईत नुकती केबल आली होती, चौकाचौकात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडले होते, आणि जो तो काहीतरी एजन्सी घ्यायच्या गोष्टी करत होता. आमच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचो, तो राज्यशास्त्र. मी उमापूरचा, शेतकऱ्याच्या घरातला. तो परळीकडच्या सिरसाळ्याचा, लिंगायत अडत व्यापाऱ्याचा मुलगा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि डोक्यात कायम आकडेमोड. संस्थेनं त्याला तात्पुरतं घेतलं होतं. डॉक्टरेट केलीस तर कायम करू, असं तोंडी आश्वासन होतं. आमच्या संस्थाचालकांची तोंडं मी ओळखून होतो. मी म्हटलं, लेखी घे. तर हा म्हणाला, "मानसावर भरोसा ठेवावा, भारत." मी कपाळाला हात लावला.

आमची खोली एक आणि खाटा दोन. सकाळी मी दात घासत असलो की समोरचा बूथवाला हाक मारायचा, "शेटे सर, फोन!" हा लुंगीवरच पळायचा. फोनवर "कुठं? कवा?" एवढंच बोलायचा, आणि पांढरा सदरा चढवून, एम-एटी दुचाकी काढून पसार. कधीकधी तास बुडवून. दिवस मावळायला धुळीनं माखून परत यायचा आणि काही सांगायचा नाही. मला वाटलं, बाईचं प्रकरण असणार. तरणाताठा, लग्न न झालेला, पांढरा सदरा घालून रोज वेगळ्या गावाला जाणारा माणूस दुसरं काय करत असणार? मी बूथवाल्याला भजी खाऊ घातली, पण ते बेणं तोंड उघडेना.

मग उमापूरला आमच्या भावकीतले पंडितआबा गेले. आमच्या भागात अंत्यविधीला 'माती' म्हणतात. मेलेल्याला जाळोत की पुरोत, लोक जातात ते मातीलाच. मी गेलो. सरण रचून झालं होतं. आणि बाभळीखाली, टोपीवाल्या म्हाताऱ्यांच्या मागं, हात जोडून मृत्युंजय शेटे उभा! आबांचा आणि ह्याचा संबंध काय? आबांनी उभ्या जन्मात परळी पाहिली नव्हती. हा कोणाशी बोलत नव्हता, रडत नव्हता, पुढंही येत नव्हता. नुसता बघत होता. कोण आलं, कोणासोबत आलं, येऊन कोणाच्या शेजारी उभं राहिलं, अशी त्याची नजर फिरत होती.

घरी आल्यावर माझी चुलती मुक्ताबाई ओसरीवरून म्हणाली, "भारत, त्यो गोरा मास्तर कोन रे? माझ्या म्हायेरात माती झाली, तितंबी व्हता म्हनं. कुनाच्याबी मातीला कावून जातो त्यो?"

"माझ्या कॉलेजातला आहे."

"कॉलेजातला असंल. पन राखबिख नेतो का बघ. करनीला लागती राख. लई साळसूद दिसतो, म्हनून म्हनते."

त्या संध्याकाळी मी त्याला धरलाच. म्हटलं, "खरं सांग. तू सीआयडीत हायस, का विमा विकतोस?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग खाटेवर मांडी घालून त्यानं मला त्याच्या डॉक्टरेटचा विषय सांगितला. ह्या भागातलं राजकारण खरं कोणाच्या नात्यावर चालतं, हे त्याला शोधायचं होतं.

"पेपरात काय येतं? सभेत कोन कुनाच्या खुर्चीला खुर्ची लावून बसला ते," तो म्हणाला. "त्याच्यात काय दम न्हाई. लग्नालाबी समदे जातेत. पत्रिका आलेली असती, पंगत असती. पन मातीला कुनी कुनाला बोलवत न्हाई, भारत. बातमी कळती. मानूस निघतो, न्हाईतर न्हाई निघत. खरं जानंयेनं तिथंच दिसतं."

"अन् ते बघून तू करतोस काय?"

"चल, दावतो."

कॉलेजात एकच संगणक होता. त्याला स्वतंत्र खोली होती, आत सतरंजी होती, चपला बाहेर काढाव्या लागत आणि दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडायचा. वीज असली तर तो चालायचा. मृत्युंजयनं त्यात स्वतः लिहिलेला प्रोग्राम सुरू केला, प्रिंटर बराच वेळ करकरला आणि भोकाभोकांच्या कडा असलेला लांबलचक कागद बाहेर आला. त्यावर ठिपके होते आणि ठिपक्यांमधून रेघा. एक ठिपका म्हणजे एक घर. ह्या घरातला माणूस त्या घरच्या मातीला गेला की एक रेघ. ज्या दोन पुढाऱ्यांचे गट आमच्या चौकात एकमेकांच्या आयाबहिणी काढायचे, त्यांच्या ठिपक्यांच्या मध्ये मुकादमांची घरं होती. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा बिभीषण मुकादम घ्या. तो इकडच्याही मातीला जायचा, तिकडच्याही. भांडणारे दोघं त्याच्याच ओसरीवरून एकमेकांना निरोप धाडत होते, आणि आम्ही खुळे चौकात एकमेकांची डोकी फोडत होतो.

मी चाट पडलो, हे कबूल केलं पाहिजे. पण माझा संशय काही जाईना. मी विचारलं, "हे कोणाला पाहिजे?"

"कुनाला म्हंजे? कळावं म्हनून करतोय."

कळावं म्हणून कोणी एवढं पेट्रोल जाळतं का? पाणी कुठंतरी मुरतंय, असंच मला वाटत राहिलं. तेवढी एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं होती. त्या ठिपक्यांना त्यानं नावं दिलेली नव्हती. बिभीषणचा आणि त्या दोन पुढाऱ्यांचे ठिपके मी ह्याच भागातला म्हणून स्वतःच ओळखले, तेव्हा कुठं त्यानं मान हलवली. बाकीचे त्यानं मरेपर्यंत सांगितले नसते.

ही गोष्ट सुंदररावांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. सुंदरराव म्हणजे त्या दोघांतले एक, आमच्याकडचे बडे पुढारी. कारखान्यावर त्यांची माणसं, संस्थेवर त्यांची माणसं, आणि कोण मेलं ते त्यांना सर्वांत आधी कळवायला एक माणूस खास ठेवलेला. कॉलेजच्या दारात त्यांची जीप आली. मृत्युंजयनं मला सोबत घेतलं.

सुंदरराव झोपाळ्यावर बसले होते. मोठ्या मानानं त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. "सर, तुमी लई मोठं काम करायलात म्हनं. आमालाबी शानं करा की जरा. धोंडीराम पाटलाच्या मातीला आमच्यातलं कोन कोन आलं न्हवतं?"

"ते मला सांगता येणार नाही, साहेब."

"येनार न्हाई का सांगायचं न्हाई?"

"सांगायचं नाही. लोक तिथं दुःखानं येतात. मी बघतो ते अभ्यासासाठी. त्यांचं नाव मी कोणालाच देत नाही."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. सुंदरराव मात्र हसले. "वा! तत्त्वाचा मानूस हाय. चहा घ्या." चहा झाला, फाटकापर्यंत ते सोडायलाही आले. येताना मृत्युंजय म्हणाला, "बघ, समजून घेतलं की न्हाई? तू उगं भेतोस." सुंदररावांनी कधी कोणाला फाटकापर्यंत सोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

पुढं एका सरपंचाच्या आई, ताराबाई, वारल्या. मोठी माती झाली. आमच्याकडे मोठ्या घरच्या मातीला माईक असतो. सरण पेटलं की पुढारी एकेक करून श्रद्धांजलीची भाषणं करतात. सुंदरराव उठले, ताराबाईंच्या मायेविषयी गदगदून बोलले, रुमालानं डोळे टिपले आणि म्हणाले, "ह्या माऊलीच्या मातीला आज कोन आलं अन् कोन न्हाई आलं, त्याचा हिशोब हाय बरं का. ते बघा, आपले शेटे सर तिथं उभे हायेत. त्यांच्या कंप्युटरात समदं जातंय. आता तिकिटं वाटताना आमाला कुनाला इचारायची गरज न्हाई!"

सगळा जमाव वळून मृत्युंजयकडे बघू लागला. काहीजण हसले. ते हसणं लगेच थांबलं. मृत्युंजय पांढराफटक पडला होता आणि त्याचे जोडलेले हात तसेच राहिले होते.

मला विचाराल तर सुंदररावांनी ते मुद्दाम केलं. नावं मिळाली नाहीत, तर नावं मिळाल्याचं सोंग केलं. लोकांना धाक बसल्याशी मतलब. मृत्युंजयनं किती घरी जाऊन सांगितलं, की असं काही नाही, मी नावं देत नाही. लोक म्हणायचे, "व्हय सर, बरोबर हाय सर." आणि डोळा मिचकावायचे.

त्यानंतर मातीचं रूप पालटलं. ज्यांनी मेलेल्या माणसाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं ते जीप करून येऊ लागले. मृत्युंजयच्या डोळ्यांसमोर यायचे, खाकरायचे, टोपी काढून परत घालायचे. बिभीषण मुकादम तर सरळ म्हणाला, "सर, दिसलो ना? मागं उभा व्हतो म्हनून इचारतो." कोणी पुतण्याला धाडायचा आणि पुतण्या येऊन सांगायचा, "काकाला ताप हाय. त्यांचंबी नाव लावा." दुसऱ्या गटाच्या लोकांनी एकदा त्याच्या एम-एटीच्या टायरात खिळे मारले. प्राचार्यांनी बोलावून 'सांभाळून राहा' म्हटलं, आणि कोणापासून सांभाळायचं ते काही सांगितलं नाही.

त्याच्या प्रबंधापुरतं निभावलं, कारण माईकच्या आधीचं काम पुरेसं झालं होतं. माणूस मात्र नासला. हॉटेलात कोणी शेजारी येऊन बसलं की तो मला हळूच विचारायचा, "ह्यो आपल्याच टेबलावर कावून आला?" बूथवाल्यानं फोनचे पैसे सोडले तर रात्रभर विचार करायचा, की ह्यानं सोडले का. एकदा जेवताना एकाएकी म्हणाला, "भारत, तू पंडितआबांच्या मातीला कावून गेलतास?"

"कावून म्हणजे? आमची भावकी आहे."

"तुमचा बांध त्यांच्या रानाला लागून हाय. आबांना मूलबाळ न्हाई."

मी ताट सारून उठलो. राग तर आलाच, पण भीतीही वाटली. कारण बांध लागून होता, हे खरं होतं. आणि मातीला जाताना तो माझ्या मनात मुळीच नव्हता, हे मी त्याला कशानं दाखवून देणार होतो? माणूस का आला हे एकदा विचारायला लागलं की कोणाचंच येणं खरं ठरत नाही. मी त्याच्याशी बरेच दिवस बोललो नाही.

बोललो ते त्याचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा. त्याला एकट्यानं सिरसाळ्याला जाववेना, म्हणून मला घेऊन गेला. वडिलांचा, मन्मथप्पांचा, सिरसाळ्यात मोठा मान. दुकानामागच्या खोलीत ते पडून होते, उशाशी उमाबाई, मृत्युंजयची आई. म्हाताऱ्याला दम लागत होता, पण बोलायचं त्याच्या मनात होतं, आणि बोलायचं होतं ते अमरनाथविषयी.

अमरनाथ त्याच गल्लीत चार घरं सोडून राहणारे. दोघं एका बाकावर शिकले, एकाच अडतीत भागीदार होते, मृत्युंजयला लहानपणी अमरनाथकाकांनीच खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. मग बाजार समितीची निवडणूक आली. दोघं दोन पॅनेलांत गेले, मन्मथप्पा पडले. अमरनाथनं ऐनवेळी मतं फिरवली असं कोणीतरी त्यांच्या कानात भरलं. मन्मथप्पांनी भर बाजारात ओरडून सांगितलं, "मी मेलो तरी माझ्या मातीला येऊ नको!" आमच्याकडे ह्यापुढं बोलायला काही उरत नाही. एवढं बोललं की दोन घरांची दारं एकमेकांना बंद होतात, आणि ती पुढच्या पिढीलाही उघडत नाहीत. दुकान वाटलं, भिंत घातली.

"मी चुकलो," मन्मथप्पा म्हणाले. "त्यानं मतं फिरिवली न्हवती. मला मागून कळलं."

मी म्हटलं, "मग बोलावून घ्या ना त्यांना, आप्पा. चार घरं तर आहेत."

"बोलावलं तर त्यो येईल. मरतंय म्हातारं, म्हनून येईल. तसं नको मला." ते दम खाऊन मृत्युंजयकडे वळले. "त्यो आपनहून मातीला येतो का बघ. तुजं कामच हाय ते. आला, तर तुज्या मागं पयली माती त्याच्या हातची पडू दे. दुसऱ्या कुनाची न्हाई. एवढं कर."

"करतो, आप्पा."

"येईल का रे? तुजं यंत्र काय म्हनतं?"

मृत्युंजयला खोटं बोलता येत नव्हतं, ही त्याची चांगली सवय अजून शाबूत होती. तो म्हणाला, "दोन्ही घरांत एकबी रेघ न्हाई, आप्पा."

"ते मलाबी ठावं हाय," म्हातारा म्हणाला. "त्याला यंत्र कशाला पाहिजे?" आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. उमाबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि पदरानं तोंड पुसून गप्प बसल्या. माझ्या ते लक्षात आलं. म्हातारीच्या मनात काय असेल ह्याचाही मी संशयच घेतला.

थोड्याच दिवसांत मन्मथप्पा गेले. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या, हे इथं सांगितलंच पाहिजे. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना मांडी घालून बसवलं, विभूती लावली, हातावर लिंग दिलं आणि भजन म्हणत मिरवत मसनवाट्यात नेलं. आणि मागं माणूसच माणूस. सिरसाळ्याच्या रस्त्यावर जीपा लागल्या होत्या. गेवराईचे लोक, माजलगावचे लोक, बिभीषण मुकादम, टायरात खिळे मारणारेसुद्धा. ज्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर ज्वारी-कापसाची अडत केली, त्याच्या मातीला अर्धा जिल्हा कसा लोटला? ह्याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि मृत्युंजयलाही ठाऊक होतं. एकेकजण यायचा, त्याचा हात हातात घ्यायचा आणि कानाशी नाव सांगायचा. बाप खड्ड्यात बसलेला, आणि हा नावं ऐकतोय. त्याचं तोंड दगडासारखं झालं होतं.

जंगमांनी मंत्र म्हटले. बेलाची पानं पडली. मृत्युंजयनं पहिली मूठ टाकली. तेवढ्यात सुंदररावांची जीप आली. पुढून सुंदरराव उतरले, आणि मागच्या बाजूनं, धोतर सावरत, अमरनाथ.

अमरनाथच्या मोठ्या मुलाचं नाव परळीकडच्या जागेसाठी सुंदररावांच्या गोटात चर्चेत असल्याचं आम्ही दोघांनी ऐकलं होतं. मी मृत्युंजयकडं पाहिलं. तो जीपकडं बघत होता.

लोकांनी वाट दिली. सुंदररावांना नव्हे, अमरनाथला दिली. गावाला सगळं माहीत होतं ना. म्हातारा कोणाकडं न बघता सरळ खड्ड्याशी आला. आत बसलेल्या मित्राकडं त्यानं पाहिलं, वाकला, मूठभर माती उचलली आणि हात पुढं केला.

"काका," मृत्युंजय म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मसनवाट्यात सगळ्यांना ऐकू गेला. "कुनाच्या जीपमधून आलात ते बघितलं मी. तुमचं नाव लागलं. आता माती टाकायची गरज न्हाई. जा तुमी."

अमरनाथांनी वर पाहिलं. मग वळले आणि आल्या वाटेनं चालत निघाले, जीपकडं नाही, गावाकडं. मूठ तशीच मिटलेली होती. मृत्युंजयच्या मागं पहिली माती पडली ती सुंदररावांच्या हातची.

दिवस मावळताना घरी आलो. उमाबाई बायांच्या घोळक्यात बसल्या होत्या. मुलगा दिसताच त्यांनी बायांना बाजूला सारलं. "अमरनाथभाऊजी आलते का?"

"आलते."

"पयली माती त्यांनीच दिली ना?"

मृत्युंजय खाली बघू लागला. "मी देऊ दिली न्हाई, आई."

"कावून?"

"सुंदररावच्या जीपमधून उतरले. पोराच्या तिकिटासाठी आलते ते."

उमाबाई हळूहळू म्हणाल्या, "अरे मेल्या, तुज्या बापानं अंथरून धरलं तवाधरनं अमरनाथभाऊजींची ईश्वरी रोज मागल्या दारानं पेज घिऊन येत व्हती. ह्यांना दुसरं काई गिळवतच न्हवतं. भाऊजींनी निक्षून सांगितलतं, मन्मथप्पाला कळू द्यायचं न्हाई, न्हाईतर पेजबी सोडंल त्यो. पावसापान्यातबी खंड न्हाई पडला. आजबी सकाळी आलती, अन् हितंच बसून रडली." त्यांनी डोक्यावर हात मारून घेतला. "तुला ह्ये कावून दिसलं न्हाई रे? एवढा शिकलास!"

कसं दिसणार होतं? ईश्वरीबाई अमरनाथांची सून. आमच्याकडे बाया मातीला जात नाहीत. मृत्युंजयच्या सगळ्या रेघा पुरुषांच्या होत्या, पुढच्या दारानं जाणाऱ्या. मागच्या दारानं कोण जातं-येतं ह्याचा विचार त्यानं केला नाही, त्याच्या मार्गदर्शकानं केला नाही, आणि सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माझ्याही डोक्यात तो आला नाही.

आम्ही तसेच अमरनाथांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. शेजारी पितळी ताटलीत बेलाचं पान होतं आणि पानावर ती मूठभर माती. मृत्युंजय पायरीपाशीच उभा राहिला.

"काका, चुकलो. चला. अजून देता येईल माती."

अमरनाथ म्हणाले, "परळीला दवाखान्यात गेलतो. तिथं बातमी लागली. एस्टी न्हवती. जी गाडी आडवी आली तिच्यात बसलो. कुनाची व्हती ते बघितलंबी न्हाई."

"मला माहीत न्हवतं, काका."

"माहीत न्हवतं तर इचारायचं. लहान व्हतास तवा लई इचारायचास." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "तुज्या बापानं भर बाजारात सांगितलं, येऊ नको. तरी मी आलो. तू भर मसनात सांगितलं, जा. मी गेलो. आता मी त्या खड्ड्याशी पुन्ना येत न्हाई. मला शरम वाटती मन्मथप्पाची. त्यो बघत बसलाय तिथं, अन् मी पोराच्या तिकिटासाठी आलेला मानूस."

मृत्युंजयनं त्यांचे पाय धरले. अमरनाथांनी ताटली पुढं सरकवली.

"ही घिऊन जा. तूच टाक. अन् कुनाची म्हनून टाकायची ते तूच ठरीव. तुला कळतं ते."

आत ईश्वरीबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला पाणी विचारलं नाही. मृत्युंजयनं ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि आम्ही अंधार पडायच्या आत मसनवाट्याकडं चालू लागलो. खड्डा बुजवून झाला होता. वर फुलं होती, हार होते, सुंदररावांच्या नावाची चिठ्ठी लावलेला एक मोठा हार सगळ्यांत वर होता. मृत्युंजयनं तो बाजूला काढला, गुडघ्यांवर बसला आणि ती माती हातात घेऊन कितीतरी वेळ तसाच राहिला. मग त्यानं ती टाकली. कोणाची म्हणून टाकली, ते मी त्याला कधी विचारलं नाही.